लांजेवार सरचा छापील अंगठा

आमच्या स्टाफरूममधलं लोखंडी कपाट उघडायचं म्हणजे एक जण समोर पाहिजे अन् एक जण बाजूले. कावून, तं दार उघडलं का आधी नमुना पुस्तकं अंगावर येतात, त्याच्यामागून जुन्या पेपरायचे गठ्ठे येतात, अन् त्याच्यामागून कोणीतरी म्हणते, "अरे, हे पाहून आठवलं..." झालं! मधली सुट्टी तिथंच खतम. किस्से काही कोणी मुद्दाम जमा करत नाही हो, ते पुस्तकायसारखे आपले आपण साचतात. फरक एवढाच का रद्दीवाला पुस्तकं नेते, किस्से इथंच सोडून जाते.

मी गावंडे मॅडम, केमिस्ट्रीवाली. शाळा भिलाईत, नेहरू नगरच्या अंगानं, हायवेले इतकी लागून का मोठा ट्रक गेला तं माह्या लॅबमधल्या टेस्टट्यूबा वाजतात. सायन्सचे आम्ही तिघं. फिजिक्सचे लांजेवार सर, बायोलॉजीच्या साहू मॅडम, अन् मी. सरचे वडील भंडाऱ्याकडून प्लांटमध्ये कामाले आले अन् इथलेच झाले. सर वर्गात हिंदी बोलतात, स्टाफरूममध्ये आमची मराठी, अन् राग आला का दोन्ही सोबत. साहू मॅडम इथल्या, छत्तीसगढी. त्यायले मराठी सगळी समजते, बोलायची लाज वाटते. अन् आमच्यावर प्रिन्सिपल सर. त्यायले फक्त हिंदी अन् सर्क्युलर समजते.

आता जे काही सांगून राहिली, ते सगळं एका अंगठ्याचं आहे.

*

राज्य नवीन झालं, त्याच्यानंतर दहावीचं विज्ञानाचं पुस्तकही नवीन लिहायचं ठरलं. रायपूरले मास्तर लोकायचं वर्कशॉप भरलं. लांजेवार सरचे तेव्हा केस काळे होते, त्यायलेही बोलावणं आलं. सर छातीठोक सांगतात का विजेचा धडा मी लिहिला. आता त्या धड्यातलं नेमकं कोणतं वाक्य सरचं, हे देवालेही माहीत नाही. पुष्कळ जणायनं मिळून लिहिलं अन् एका मोठ्या साहेबानं सगळं खोडलं! पण एक वस्तू सरचीच राहिली. ती कोणाले खोडता आली नाही.

त्या धड्यात उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आहे. तार मुठीत धरल्यासारखा हात करायचा, अंगठा वर. अंगठा दाखवते तिकडं करंट, अन् बोटं वळतात तसं चुंबकीय क्षेत्र. त्याच्यासाठी फोटो पाहिजे होता. फोटोग्राफर म्हणे, "किसी का साफ हाथ दीजिए." आता सगळ्यायचे हात समोशानं तेलकट! एकट्या लांजेवार सरले चतुर्थी होती. झालं, सरचा हात उभा राहिला अन् सीधा पुस्तकात गेला.

"लोकायले उपासाचं पुण्य भेटते," सर म्हणतात, "मले पान भेटलं!"

अन् हा अंगठा लपणारा नव्हता. लहानपणी क्वार्टरच्या दारात सापडला होता. तेव्हापासून नखाच्या मधोमध एक चीर, खाली येता येता थोडी डावीकडं वळलेली. फोटोत ती इतकी साफ आली का कोणाले नियम समजो न समजो, चीर समजते.

सरनं ते पान फ्रेम करून बैठकीत लावलं. आम्ही घरी गेलो तं लांजेवार काकू चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "पाहा बाप्पा! सरकारी कामात अंगठा दिला, घरच्या कामाले बोट लावत नाहीत!"

*

पोट्टे म्हणजे पोट्टे. पुस्तकात दिसलं ते पेपरात उतरवलंच पाहिजे. दरवर्षी आकृती काढतात अन् नखावर चीरही काढतात. अन् सरनं त्याचा कायदाच करून टाकला. चीर नसली तं लाल पेन बाहेर! "चित्र अधूरा है. आधा नंबर कट!"

मी एकदा विचारलं, "सर, त्या चिरीत फिजिक्स कोणतं आहे?"

"निरीक्षण!" सर म्हणाले. "ज्याले नख दिसत नाही, त्याले इलेक्ट्रॉन काय दिसन, मॅडम?"

एक साल बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायले आम्ही सेंटरवर गेलो. दुसऱ्या जिल्ह्यातले एक तरुण सर एक कॉपी घेऊन सगळ्यायले विचारत हिंडत होते, "ये अंगूठे पर लाइन कैसी है?" पाहतो तं आमच्याच शाळेच्या पोट्ट्यानं चीर काढून, बाण मारून, बाजूले सुंदर अक्षरात नाव दिलं होतं, 'चुंबकीय क्षेत्र रेखा'! दुसऱ्यानं तं तिथं लिहिलं, 'करंट यहाँ से निकलता है.'

लांजेवार सर उठले. कॉपीच्या बाजूले आपला अंगठा ठेवला अन् म्हणाले, "मिला लीजिए."

त्या तरुण सरनं एकदा कॉपी पाहिली, एकदा अंगठा. पूर्ण मार्क दिले, अन् अंगठ्यासोबत सेल्फी घेतली. सरचं तोंड त्या फोटोत नाही आलं, सरले त्याचं काही वाटलं नाही.

*

मग शाळेत हजेरीची मशीन आली. बोट लावा, आत जा. सगळ्यायचं बोट लागते, सरचा अंगठा लागत नाही. इतके वर्षं खडू घासून अंगठ्याच्या रेघाच गेल्या होत्या. मशीन रोज सकाळी गोड आवाजात म्हणे, "कृपया पुनः प्रयास करें." सर म्हणत, "करतो ना बाई!" अन् मागं आमची लाईन गेटपर्यंत.

दुसरं बोट लावा म्हटलं तं नाही. सर म्हणे, "राज्यात चालते तो अंगठा इथं कावून नाही चालत?" एक दिवस तं त्यायनं पुस्तक आणलं, पान उघडलं अन् फोटोतला अंगठाच मशीनवर दाबला!

"कृपया पुनः प्रयास करें."

तेवढ्यात प्रिन्सिपल सर आले. नवीनच आले होते, फोटोचं त्यायले माहीत नव्हतं. लाईन पाहून ते तापले. "लांजेवार जी, सबका लगता है, आपका ही नहीं लगता? फिर रजिस्टर में साइन कीजिए! अंगूठाछाप हैं क्या आप?"

सरनं पुस्तक प्रिन्सिपल सरच्या नाकासमोर धरलं.

"हाँ सर," म्हणाले, "अंगूठाछाप हूँ. सरकार ने छापा है!"

त्या दिवसापासून सर रजिस्टरमध्ये सही करतात. अन् सही करताना दरवेळी म्हणतात, "माह्यासारखा शिकलेला अंगठाछाप पाहिला का कुठं?"

*

इथपर्यंत हसणं होतं. मागच्या हिवाळ्यात शाळेत पार्सल आलं, नवीन आवृत्तीचं. चकचकीत कव्हर, रंगीत कागद. साहू मॅडमनं वास घेतला, मी माह्या धड्यातल्या चुका शोधल्या. सरनं काहीच पाहिलं नाही, सीधे अंगठ्याच्या पानावर गेले.

सरनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाले, "हे कोणाचं बोट आहे?"

मी वाकून पाहिलं. कॉम्प्युटरवर काढलेला हात होता. गुलाबी, गोल, मेणासारखा.

"याले नख आहे, पण नखाले काही झालंच नाही कधी," सर म्हणाले. "हा कोण माणूस आहे, ज्यानं जन्मात दार लावलं नाही?"

साहू मॅडम समजवायले गेल्या, "सर, पार्लर वाला हाथ है. सुंदर तो है."

"सुंदर!" सर म्हणाले. "बोर्डानं मले अंगठा दाखवला, मॅडम! माहाच अंगठा काढून!"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत, अन् मग आमचंही हसणं राहून गेलं.

सोबत सर्क्युलर होतं. येणाऱ्या एका वर्षापुरतं जुनं चालन, नवीनही चालन, शाळेनं आपलं ठरवावं. त्याच्या पुढच्या वर्षीपासून फक्त नवीन. अन् येणारं वर्ष म्हणजे सरचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट होती पीहू.

पीहू म्हणजे सरची नात, पोरीची पोरगी. आमच्याच शाळेत नववीत. सरची स्वतःची पोरगी नेमकी पुस्तक निघायच्या आधी दहावी पास होऊन गेली, तिले बापाचा अंगठा शिकायलेच नाही भेटला. सरच्या मनात ते राहून गेलं होतं. म्हणून पीहू बोट धरून चालत होती तेव्हापासून सर तिले सांगत आले, "दहावीत जाशीन ना, तवा वर्गात सगळ्यायसमोर तुले माहा अंगठा शिकवीन." पोरगी आता हिंदीतच बोलते, मराठी फक्त घरी. शाळेत तिले एकच ताकीद होती, 'आबाजी' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं. पण त्या अंगठ्याची वाट तीही पाहून राहिली होती. नववीच्या सगळ्या पोरीयले तिनं सांगून ठेवलं होतं.

अन् आता तिची पाळी आली, तं अंगठाच गेला. सांगा, याच्यावर हसायचं कसं?

*

हसायचं कसं ते मीच दाखवलं. बिनमुद्दाम!

प्रिन्सिपल सर म्हणाले, आधी माहिती घ्या. दहावीत जाणाऱ्या पोट्ट्यायच्या घरी मोठ्या भावा-बहिणीचं जुनं पुस्तक आहे का नवीन घेतलं, ते विचारा. काम माह्या गळ्यात पडलं. मी फळ्यावर झोकात हिंदीत लिहिलं, 'आपके घर में विज्ञान की कौन-सी आवृत्ति है? कल लिखकर लाएँ.'

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या आल्या. पहिली उघडली, '50 हर्ट्ज'. दुसरी, '50 हर्ट्ज'. तिसऱ्या पोट्ट्यानं लिहिलं, '50 हर्ट्ज, पर शाम को वोल्टेज कम रहता है.' उतईहून येणाऱ्या एका पोरीनं तं इमानदारीनं लिहिलं, 'मैडम, हमारे घर में कल से लाइट नहीं है, इसलिए आवृत्ति शून्य.'

मले काही कळेना! चिठ्ठ्या घेऊन स्टाफरूममध्ये गेली. लांजेवार सरनं दोन चिठ्ठ्या वाचल्या अन् खुर्चीतच वाकले. इतक्या दिवसायनी हसताना दिसले.

"मॅडम, आपल्या मराठीत आवृत्ती म्हणजे पुस्तकाची! हिंदीत आवृत्ति म्हणजे फ्रीक्वेन्सी! तुम्ही पोट्ट्यायले विचारलं का घरची लाईट सेकंदाले किती वेळा हालते!"

"किताब के लिए संस्करण बोलते हैं, सुधरी हुई हो तो संशोधित संस्करण," साहू मॅडम म्हणाल्या.

"ह्या शब्दावर माहा भरोसा नाही," मी म्हटलं. "घरी संस्करण म्हटलं तं सासूबाई मुंज ठरवतीन."

सरनं त्या उतईच्या पोरीची चिठ्ठी खिशात ठेवली. "इले पूर्ण मार्क," म्हणाले. "लाईट नाही तं फ्रीक्वेन्सी शून्य. हे तुमच्या नवीन आवृत्तीतही नसन!"

*

मग प्रिन्सिपल सरनं हुकूम काढला, एक हफ्ता दोन्ही पुस्तकं चालवून पाहा. दहावीच्या अर्ध्या वर्गाजवळ आपली जुनी, अर्ध्यायले नमुन्याची नवीन वाटली.

आता लांजेवार सरले धड्याचं नाव घ्यायची सवयच नाही. पान क्रमांक बोलले का काम झालं. फळ्याकडं तोंड करून त्यायनं आपल्या अंगठ्याचं पान सांगितलं अन् म्हणाले, "चित्र को ध्यान से देखो. जैसा चित्र में है, वैसा अपने हाथ से करके दिखाओ!"

जुन्यावाल्यायनं अंगठे वर केले. पण नवीन पुस्तकात अंगठा एक पान पुढं सरकला होता, त्या पानावर हायड्रा होता! तोच तो पाण्यातला इवलासा जीव, ज्याच्या डोक्यावर शुंडं वळवळतात अन् अंगातून मुकुल, म्हणजे पिल्लू, फुटते. आता सरचा हुकूम म्हणजे हुकूम. नवीनवाल्यायनं दोन्ही हात डोक्यावर घेतले अन् लागले वळवळायले. एक हुशार पोट्टं तं शेजाऱ्याच्या काखेतून बाहेर डोकावून राहिलं होतं.

"तू क्या कर रहा है बे?"

"सर, मैं मुकुल हूँ! पैदा हो रहा हूँ!"

गोंगाट ऐकून मी अन् साहू मॅडम दारात आलोच होतो, तेवढ्यात प्रिन्सिपल सर. समोर अर्धा वर्ग अंगठा दाखवते, अर्धा वर्ग वळवळते. ते दोन मिनिटं पाहत राहिले, अन् हळूच मले विचारलं, "मैडम, ये कौन-सा योग है?"

साहू मॅडम माह्यामागून बोलल्या, "सर, पुराना और नया मिलाकर चल रहा है."

हफ्ता पूर्ण झालाच नाही. त्याच दिवशी सर्क्युलर निघालं का एका वर्गात एकच पुस्तक चालन, अन् कोणतं ते मीटिंगमध्ये ठरन.

*

मीटिंगच्या आधीच्या रविवारी सर मले अन् साहू मॅडमले म्हणाले, "चाला, पावर हाऊसच्या मार्केटात जुनी पुस्तकं पाहू. पुरेशी भेटली तं प्रिन्सिपलचं तोंड बंद!"

जुन्या पुस्तकवाल्यानं आमाले वरून खालपर्यंत पाहिलं. "वो पुराना वाला? अब छपता नहीं, सर. जो था, सब तौल के निकाल दिया."

"किसको?"

त्यानं हनुवटीनंच रस्त्यापलीकडं दाखवलं. तिथं फल्लीवाला होता. भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा पुड्यात बांधून देऊन राहिला होता. सर गेले, एक पुडा घेतला, शेंगा माह्या हातात ओतल्या अन् कागद उलगडला. प्रकाशाचं परावर्तन! दुसरा पुडा घेतला. आम्ल अन् क्षार, माहा धडा! तिसऱ्यात साहू मॅडमची पचनसंस्था. सर थांबायले तयार नाहीत. माही पर्स भरली, साहू मॅडमचा पदर भरला. फल्लीवाला खूश होऊन म्हणे, "बाबूजी, घर में शादी है का?"

शेवटी विजेचा धडा निघाला. सरनं कागद सरळ केला. त्यायचंच पान होतं. पण तेलानं मधोमध इतका मोठा डाग पडला होता का अंगठ्यातून पलीकडचं पान दिसे.

सरनं ते पान घडी करून खिशात ठेवलं. परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मी विचारून पाहिलं, "सर, शेंगा खाता?" तं म्हणाले, "नको, आज चतुर्थी आहे." चतुर्थी नव्हती. मले माहीत होतं, त्यायले माहीत होतं, साहू मॅडमलेही माहीत होतं. आम्ही दोघीयनं हफ्ताभर डब्यात शेंगा खाल्ल्या.

*

मीटिंगमध्ये चार मतं. प्रिन्सिपल सर नवीनच्या बाजूनं. त्यायनं कव्हरवर हात फिरवला अन् म्हणाले, "पेरेंट्स को अच्छा लगता है." मी जुन्याच्या बाजूनं. मी मोठमोठ्यानं सांगितलं का जुन्या पुस्तकाची भाषा कशी सोपी आहे, आकृत्या कशा जिवंत आहेत. साहू मॅडम खरं म्हणजे नवीनवाल्या. नवीन पुस्तकात प्रजननाचा धडा बारीक केला होता, त्यायले तेवढं लाजणं वाचत होतं. पण त्यायनं सरकडं पाहिलं, खाली मान घातली अन् जन्मात पहिल्यांदा सगळ्यायसमोर मराठी बोलल्या. "मी बी जुना."

मी टेबलाखालून त्यायचा हात दाबला. दोन जुने, एक नवीन. आता सरनं फक्त 'जुनं' म्हणायचं होतं, अन् पीहूले आबाजीचा अंगठा भेटत होता.

सरनं खिशात हात घातला. मले वाटलं, ते तेलकट पान काढतीन अन् भाषण देतीन. त्यायनं काढली उतईच्या पोरीची चिठ्ठी. तीच, आवृत्ति शून्यवाली.

"इच्या घरी दहावीले जाणारी हेच पहिली," सर म्हणाले. "मोठा भाऊ नाही, बहीण नाही. इले जुनं पुस्तक कोण देईन? मी जाऊन आलो बाजारात. फल्लीवाल्याकडून आणन का पोरगी?"

प्रिन्सिपल सरनं विचारलं, "मतलब? पुराना या नया?"

"नया," सर म्हणाले.

"सर!" मी ओरडलीच. "अन् पीहू?"

"अंगठा मी घरी घेऊन जातो मॅडम, त्याले काय! पोट्ट्यायचा पेपर घरी नेता येते का?"

दोन-दोन झाले. बरोबरी झाली का प्रिन्सिपलचं मत दोनदा धरायचं, असा आमच्याकडं नियम आहे. नवीन पुस्तक पास झालं. साहू मॅडम जिन्यात मले म्हणाल्या, "मैडम, मैंने फालतू में मराठी बोल दी." बोलता बोलता पदर डोळ्याले लावला. मी त्यायच्यापुढं होती, माहे डोळे त्यायले दिसले नाहीत.

*

नवीन सत्र सुरू झालं. पुस्तकं वाटली. विजेचा धडा यायले बराच उशीर होता, सर त्याच्याकडं फिरकून राहिले नव्हते. शेवटी एक दिवस स्टाफरूममध्ये खडू घेता घेता म्हणाले, "चाला दोघीजणी, मेणाचा अंगठा कसा शिकवतात ते पाहा. एकट्यानं जायची माही इच्छा नाही."

आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पीहू पहिल्या रांगेत होती. वर्ग असा शांत, जसे इन्स्पेक्टर आले.

यंदा सरनं पान क्रमांक नाही सांगितला, धड्याचं नाव सांगितलं. अन् पहिल्या बाकावरच्या पोट्ट्याचं पुस्तक पाहायले उचललं. पाहिलं. पुस्तक डोळ्याजवळ नेलं. मग बाजूच्याचं उचललं. मग त्याच्या बाजूच्याचं.

मी माह्याशेजारच्या पोरीच्या पुस्तकात डोकावली. त्या गुलाबी, गोल, मेणाच्या अंगठ्याच्या नखावर मधोमध एक चीर. पेन्सिलनं काढलेली, खाली येता येता थोडी डावीकडं वळलेली.

साहू मॅडम माह्या कानात म्हणाल्या, "मैडम, संशोधित संस्करण!"

सरनं पुस्तक ठेवलं. लाल पेन काढला अन् बाकाबाकावरून फिरायले लागले. "ये क्या? चीर दाहिनी तरफ मोड़ दी! आधा नंबर कट!" पुढं गेले. "तूने तो तर्जनी पर बना दी! अंगूठा पहचानता नहीं? आधा नंबर कट!" एकानं स्केचपेननं काढली होती, पार दुसऱ्या पानावर उमटली होती. "हायड्रा तक घायल कर दिया बे! आधा नंबर कट!" उतईच्या पोरीनं चिरीसोबत नखाखाली खडूची धूळही काढली होती. तिथं सर थांबले. "पूरा नंबर," म्हणाले, अन् लाल पेननं बरोबरची खूण केली.

फिरता फिरता पीहूजवळ आले. तिचं पुस्तक उचललं. तिच्या पुस्तकात अंगठा तसाच होता. गुलाबी, कोरा, चीर नाही, काही नाही.

सारा वर्ग वळून पाहून राहिला होता.

"सबको तूने बताया," सर म्हणाले, "और खुद नहीं बनाया? क्यों?"

पीहू उभी राहिली. सरच्या हातातल्या लाल पेनाकडं पाहिलं, पेनामागच्या अंगठ्याकडं पाहिलं. अन् शाळेत कधी मराठीचा शब्द न काढणारी पोरगी सगळ्या वर्गासमोर म्हणाली,

"मले कायले काढा लागते, आबाजी? माह्याजवळ तं ओरिजनल आहे!"

सरनं पुस्तक तिच्या बाकावर ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वर्गात सर म्हणायचं!" सर म्हणाले. "आधा नंबर कट!"